वॉरंट निघाले आहे का, हे कोणाच्या दप्तरात पाहावे?

या वेळच्या टपालात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या चार पत्रांचा विषय जवळपास एकच निघाला, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. आपल्या किंवा आपल्या माणसाच्या नावावर अटकेचे वॉरंट आहे की नाही, हे पोलीस दारात येण्यापूर्वी कळू शकते का, असा तो विषय आहे. पत्रांतील मजकूर थोडका केला आहे आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षे अमेरिकेत टेक्सास राज्यातील फ्रिस्को येथे नोकरीस होता. परतण्याच्या थोडे आधी गाडी वेगाने चालवल्याबद्दल पोलिसांनी त्याला चिठ्ठी दिली होती. निघण्याच्या गडबडीत तो नेमलेल्या तारखेस न्यायालयात गेला नाही आणि दंडही भरला नाही. आता कंपनी त्याला पुन्हा तिकडे पाठवीत आहे. एका संकेतस्थळावर त्याचे नाव घातले असता ‘दोन नोंदी सापडल्या’ असे उत्तर आले आणि तपशिलासाठी डॉलरमध्ये पैसे मागितले गेले. ते भरावेत का? कराडमध्ये बसून खरी माहिती कशी मिळवावी? – एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : पैसे भरू नयेत, हे आधी सांगतो. अशी संकेतस्थळे खासगी असतात. ठिकठिकाणांहून जमवलेल्या, अनेकदा जुन्या नोंदी ती केवळ नावावरून जुळवतात आणि आपण सरकारी यंत्रणा नाही हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहून मोकळी होतात. ‘दोन नोंदी’ म्हणजे दोन वॉरंटे असा अर्थ त्यातून काढता येत नाही. त्या नोंदी आपल्या मुलाच्याच आहेत, हेही त्यावरून ठरत नाही.

साऱ्या अमेरिकेतील वॉरंटे एका जागी दाखवणारी आणि सर्वांना खुली असलेली यादी अस्तित्वात नाही. एफबीआयकडे १९६७ पासून एनसीआयसी नावाची देशव्यापी संगणकीय नोंद आहे, परंतु ती पोलीस आणि तत्सम यंत्रणांपुरती आहे. नागरिकाला पाहता येते ते स्थानिक दप्तर, म्हणजे न्यायालयाच्या क्लार्कचे किंवा काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरीफचे, म्हणजे तेथील पोलीसप्रमुखाचे. अशा काउंटी तीन हजारांहून अधिक आहेत. काही शेरीफ चालू वॉरंटांची यादी संकेतस्थळावर ठेवतात, काही फोनवर माहिती देतात, काही समक्ष आल्याशिवाय काहीच सांगत नाहीत. एका काउंटीतील रीत शेजारच्या काउंटीत चालेलच असे नाही.

आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र काउंटीचे दप्तर पाहून निश्चिंत होणे धोक्याचे आहे, कारण त्याचे प्रकरण बहुधा तेथे गेलेलेच नाही. टेक्सासात शहर पोलिसांनी दिलेली वाहतुकीची चिठ्ठी त्या शहराच्या म्युनिसिपल कोर्टात जाते, आणि शेरीफच्या शिपायाने किंवा राज्याच्या हायवे पोलिसांनी दिलेली चिठ्ठी काउंटीतील जस्टिस ऑफ द पीस या न्यायाधीशाकडे जाते. त्यातच फ्रिस्को हे शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंटींत पसरलेले आहे. म्हणजे शोधण्याची ठिकाणे निदान तीन झाली. कोणते ठिकाण बरोबर हे मुलाच्या चिठ्ठीवरच छापलेले असते. न्यायालयाचे नाव, चिठ्ठीचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख या तीन गोष्टी तिच्यावर असतात. चिठ्ठी हरवली असेल, तर ती देणारा पोलीस शहराचा होता की काउंटीचा, एवढे तरी मुलाला आठवायला सांगावे.

न्यायालय ठरले की त्याचे अधिकृत संकेतस्थळ उघडावे. सरकारी पत्त्याचा शेवट बहुधा ‘डॉट गव्ह’ असा असतो; टेक्सासातील काही काउंटींचे जुने पत्ते ‘टीएक्स डॉट यूएस’ असे संपतात. तेथे चिठ्ठीच्या किंवा खटल्याच्या क्रमांकाने शोध घ्यावा. नावाने शोधावे लागले तर आपली नावे अडचण करतात. वडिलांचे नाव तिकडे मधले नाव म्हणून धरले जाते आणि कधी फक्त आद्याक्षरापुरते उरते. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग लायसन्सवर एक आणि पासपोर्टवर दुसरे असते. जन्मतारीख आधी महिना, मग दिवस अशी घालावी लागते. ५ मार्चला जन्मलेला मुलगा आपल्या सवयीने तारीख घातली की ३ मे रोजी जन्मलेला ठरतो आणि ‘नोंद नाही’ असे उत्तर येते. वडीलधारी मंडळी त्या उत्तरावर पेढे वाटतात.

संकेतस्थळावर समाधान झाले नाही तर न्यायालयाच्या क्लार्कच्या कार्यालयास सरळ फोन करावा. टेक्सासच्या या भागात सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, वॉरंट चालू आहे का, रक्कम किती, एवढेच विचारावे. क्लार्क नोंद वाचून दाखवतो, सल्ला देत नाही. आणि फोन मुलाने स्वतः केलेला बरा, कारण चिठ्ठीचा क्रमांक, लायसन्सचा क्रमांक आणि जन्मतारीख त्याच्याकडेच विचारली जाईल.

आता ‘दोन’ या आकड्याविषयी. टेक्सासात चिठ्ठीवर सही करणे म्हणजे हजर राहण्याचे वचन देणे असते, आणि ते मोडले की मूळ अपराधाखेरीज गैरहजेरीचा वेगळा आरोप ठेवता येतो. त्यामुळे एकाच प्रसंगातून दोन खटले आणि दोन वॉरंटे उभी राहणे तेथे नवलाचे नाही. वेगमर्यादेचा भंग हा तेथे क्लास सी या सर्वांत खालच्या वर्गातील अपराध असून त्याला तुरुंगवास नाही, केवळ दंड आहे. तरीही गैरहजेरीमुळे निघालेले वॉरंट हे अटकेचेच वॉरंट असते आणि केवळ दिवस गेले म्हणून ते विरत नाही. लायसन्सचे नूतनीकरणही अशा प्रकरणामुळे अडवले जाऊ शकते.

वॉरंट निघालेच असेल तर दोन गोष्टी टाळाव्यात. मुलगा तिकडे पोहोचल्यावर ‘माझ्यावर वॉरंट आहे का’ असे विचारायला शेरीफच्या किंवा पोलिसांच्या कार्यालयात त्याने जाऊ नये. वॉरंट असल्यास ते त्याला तेथेच बजावतील, आणि तसे करणे त्यांचे कामच आहे. दुसरे म्हणजे न्यायालयाच्या संकेतस्थळावर ‘दंड भरा’ हे बटण दिसले की ते घाईने दाबू नये. रक्कम भरून प्रकरण मिटवले की साधारणपणे दोष मान्य झाला किंवा त्यास हरकत घेतली नाही असे धरले जाते आणि दोषसिद्धीची नोंद राहते. दंडाचाच अपराध असल्यामुळे टेक्सासातील वकिलामार्फत उपस्थिती नोंदवून वॉरंट मागे घेण्याची विनंती करता येते, आणि बऱ्याचदा मुलाला तिकडे जावेही लागत नाही. कंपनी व्हिसाचा अर्ज करणार असेल तर तिच्या इमिग्रेशन वकिलास ही गोष्ट आधी सांगावी. अमेरिकेच्या विमानतळावरील अधिकाऱ्यांना पोलिसांची ती देशव्यापी नोंद पाहता येते. त्यांच्यासमोर ही माहिती प्रथमच उघड होणे मुलाच्या हिताचे नाही. एवढ्याशा प्रकरणासाठी कोणी कराडला पकडायला येईल का, अशी आपल्या पत्रात जी भीती आहे, ती सोडावी. भारत आणि अमेरिका यांच्यातील १९९७ च्या प्रत्यार्पण करारात एक वर्षाहून अधिक शिक्षेचे गुन्हे येतात, आणि केवळ दंडाचा अपराध त्यात बसत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त कोइमतूरला असतो. काही वर्षांपूर्वी त्याने एका वित्त कंपनीकडून गाडीसाठी कर्ज घेतले होते. हप्ते थकले आणि चेक परत गेला. मागील आठवड्यात गावात आलेल्या पोलीस हवालदारांनी ‘तुमच्या भावाचे पकड वॉरंट आहे’ असे सांगितले, परंतु कोणत्या कोर्टाचे, ते सांगितले नाही. आम्ही विट्याच्या कोर्टात चौकशी केली, तेथे काही मिळाले नाही. चेकचा गुन्हा जामीनपात्र असतो असे सर्वजण सांगतात, मग पकड वॉरंट कसे निघते? आणि ते शोधायचे कोठे? – एक वाचक, विटा

उत्तर : विट्यात नोंद मिळाली नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही. चेक न वटल्याची फिर्याद परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली होते, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक खात्यावर वटवण्यासाठी भरलेला असल्यास, ज्याला पैसे मिळायचे त्याचे खाते ज्या बँक शाखेत आहे तेथील न्यायालयात ती चालते. वित्त कंपनीचे खाते पुण्यात किंवा मुंबईत असेल तर फिर्याद तेथेच. आपला भाऊ राहतो कोइमतूरला, कर्जाच्या कागदांवर पत्ता खानापूर तालुक्यातला, आणि खटला तिसऱ्याच शहरात, अशी ही गाठ आहे. गलाईसाठी परप्रांती गेलेल्यांच्या घरांतून अशी पत्रे या सदराकडे पूर्वीही आली आहेत, आणि बहुतेकांत समन्स गावच्या पत्त्यावर जाऊन ‘घर बंद’ अशा शेऱ्याने परतलेले असते.

शोध येथून सुरू करावा. चेक परत गेल्यानंतर कंपनीच्या वकिलाने मागणीची नोटीस पाठवलेली असणार, कारण तिच्याशिवाय ही फिर्यादच होत नाही. ती नोटीस घरात कोठे पडली असेल तर तिच्यावरून शहर कळते. नोटीस मिळत नसेल तर ई-कोर्ट्स सेवा या न्यायालयांच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा त्याच नावाच्या मोबाईल अॅपवर जावे. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. त्यासाठी नोंदणीचे वर्ष द्यावे लागते, म्हणून चेक परत गेला ते वर्ष आणि त्यापुढची दोन वर्षे एकेक करून पाहावीत. नावाचे स्पेलिंग फिर्यादीने जसे लिहिले असेल तसेच दप्तरात असते, तेव्हा आधी नुसते आडनाव, मग नुसते नाव असे करून पाहिलेले चांगले. पुणे आधी पाहावे, मग मुंबई, मग कर्ज जेथून घेतले ते शहर. कोइमतूरही सोडू नये. याला तासाभराचा कंटाळा आहे, पण पैसा लागत नाही.

प्रकरण सापडले की १६ अक्षरे व अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून घ्यावा. पुढे तेवढ्यावर सगळे उघडते. त्या पानावर वॉरंटाची प्रत दिसणार नाही. दिसेल तो प्रकरणाचा टप्पा आणि तारखांची यादी. टप्प्यासमोर ‘समन्स’, ‘बी. डब्ल्यू.’ किंवा ‘एन. बी. डब्ल्यू.’ असे लिहिलेले असते. यांतील दुसरे जामीनपात्र वॉरंट आणि तिसरे अजामीनपात्र, म्हणजे ज्याला हवालदार पकड वॉरंट म्हणाले ते. एखाद्या तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशी न्यायालयात काय झाले ते थोडक्यात वाचता येते. ही नोंद कधी दोन-चार दिवस मागे असते, त्यामुळे वकील लावल्यावर त्यांच्याकरवी मूळ रोजनामा, म्हणजे न्यायालयाने ठेवलेली प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद, पाहून घ्यावा. न्यायालयाचा खरा शब्द रोजनाम्यातला.

आता जामीनपात्रतेचा घोळ. कलम १३८ चा गुन्हा जामीनपात्र आहे हे खरे, परंतु गुन्हा जामीनपात्र असणे आणि वॉरंट जामीनपात्र असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बोलावूनही आरोपी येत नाही तेव्हा त्याला आणण्यासाठी न्यायालय वॉरंट काढते, आणि ते कसे असावे हे त्याच्या गैरहजेरीवर ठरते. इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलेली पायरी अशी की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि आरोपी जाणूनबुजून टाळतो आहे असे दिसले तरच अजामीनपात्र वॉरंट. आपल्या भावास समन्स कधी मिळालेच नव्हते, हे रोजनाम्यातून दाखवता आले तर वॉरंट रद्द करण्याच्या अर्जात तोच सर्वांत वजनदार मुद्दा ठरेल.

तो अर्ज ज्या न्यायालयाने वॉरंट काढले तेथेच करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ प्रमाणे वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा ते काढणारे न्यायालय रद्द करीपर्यंत चालू राहते. पोलीस ठाण्याला ते रद्द करता येत नाही. ‘साहेबांना सांगून मिटवून देतो’ असे म्हणणारा माणूस गावात भेटला तर त्याचे ऐकू नये. भावाने त्या शहरातील वकील नेमून तारखेच्या आधीच स्वतः हजर व्हावे. कोइमतूरचे वास्तव्य दाखवणारे कागद, म्हणजे दुकानाचा भाडेकरार किंवा वीजबिल, अर्जासोबत जोडावेत. स्वतःहून आलेल्या माणसाकडून जातमुचलका किंवा जामीनदार घेऊन, कधी थोडा खर्च बसवून, वॉरंट रद्द करण्याकडे न्यायालयांचा कल असतो. धरून आणलेल्याची गोष्ट निराळी.

तोवर अटक झालीच, तर वॉरंटाचा आशय सांगणे आणि मागितल्यास ते दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायालयापुढे नेणेही. परजिल्ह्यातील न्यायालयाचे वॉरंट सहसा आरोपीच्या जिल्ह्यातील पोलीस अधीक्षकांकडे पाठवून बजावले जाते, म्हणून ते आपल्या गावच्या ठाण्यात आले. हवालदारांना पुन्हा भेटून वॉरंटावरील न्यायालयाचे नाव आणि खटला क्रमांक नम्रपणे विचारावा. ठाण्यातील समन्स-वॉरंटांचे रजिस्टर लोकांना पाहायला ठेवलेले नसते, तरी एवढे सांगायला सहसा कोणी नाही म्हणत नाही, कारण आरोपी स्वतः हजर झाला तर त्यांचीही एक फेरी वाचते.

आणखी एक. हे असेच पडून राहिले आणि भाऊ लपतो आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली, ठरल्या तारखेस हजर व्हा अशी उद्घोषणा निघू शकते. ती गावात जाहीरपणे वाचली जाते, घरावर आणि न्यायालयात लावली जाते, आणि पुढे कलम ८५ प्रमाणे मालमत्तेवर जप्तीही येते. पासपोर्ट अधिनियम, १९६७ प्रमाणे न्यायालयाचे वॉरंट असलेल्या व्यक्तीचा पासपोर्टचा अर्ज नाकारता येतो, हेही भावाच्या कानावर घालावे.

प्रश्न : मुलीसाठी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे नोकरी करणाऱ्या मुलाचे स्थळ आले आहे. तिकडची न्यायालयीन दप्तरे सर्वांना खुली असतात असे ऐकले. आम्ही भाच्याकडून शोध घेतला तर त्याच नावाच्या माणसावर एक फौजदारी प्रकरण दिसले. स्थळ मोडावे का? – एक आई, सांगली

उत्तर : एवढ्यावर मोडू नये. कॅलिफोर्नियात ५८ काउंटी असून प्रत्येकीचे एक सुपीरिअर कोर्ट आहे. सॅन होजे सांता क्लारा काउंटीत येते. खटल्यांची नावनिशी सूची पाहता येते, परंतु फौजदारी प्रकरणांतील कागद घरबसल्या उघडून दाखवण्यावर त्या राज्याच्या नियमांचे बंधन आहे आणि ते बहुधा न्यायालयात जाऊनच पाहावे लागतात. शिवाय तेथील अपील न्यायालयाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला की अशा सूचीत जन्मतारीख किंवा लायसन्स क्रमांक घालून शोध घेण्याची सोय लोकांना देता येत नाही. परिणामी पाटील, कुलकर्णी किंवा शिंदे असे नाव घातले की निघालेली नोंद नेमकी कोणाची, हे सूचीवरून ठरवताच येत नाही. नाव जुळले, बाकी काहीच नाही.

मार्ग सरळ आहे. मुलालाच विचारावे, आणि मुलीने स्वतः विचारलेले अधिक चांगले. नोंद त्याची नसेल तर तो तसे सांगेल, असेल तर खटला क्रमांक देईल, आणि मग त्या क्रमांकावरून निकाल काय लागला ते पाहता येईल. आरोप ठेवला जाणे आणि दोषी ठरणे यांत तिकडेही इकडच्याइतकेच अंतर आहे. मात्र भाच्याने काढलेला तो पडद्याचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. नोंद दुसऱ्याची निघाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची फिर्याद होऊ शकते. सोयरिकीतले शब्द तर परत घेताच येत नाहीत.

हेही लक्षात ठेवावे की नोंद न दिसणे म्हणजे स्वच्छतेचे प्रमाणपत्र नव्हे. गंभीर गुन्ह्यांतील वॉरंटे बजावली जाईपर्यंत मोहोरबंद ठेवण्याची तिकडे पद्धत आहे आणि ती कोणत्याही सूचीत दिसत नाहीत.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना व्हॉट्सअॅपवर मुंबईच्या न्यायालयाचे म्हणून एक अटक वॉरंट आले. त्यावर शिक्का आहे, त्यांचे आधारचे अंकही बरोबर आहेत. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणूस खोलीतून हलू नका असे सांगत होता. ते खरे कसे तपासावे? – एक वाचक, फलटण

उत्तर : ते खोटे आहे. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार नाही, आणि कोणतेही न्यायालय वॉरंट फोनवर पाठवून माणसाला त्याच्याच खोलीत अडकवून ठेवीत नाही. आधारचे अंक बरोबर असल्याने काहीच सिद्ध होत नाही. ते हॉटेलापासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत आपण ठिकठिकाणी देत असतो. मनाच्या समाधानासाठी त्या कागदावरचा खटला क्रमांक ई-कोर्ट्सवर घालून पाहावा. एक तर तो सापडणार नाही, किंवा कोणा भलत्याचाच निघेल. पण हे पाहण्याआधी कॉल बंद करावा, क्रमांक आणि संदेश न पुसता जपून ठेवावेत, आणि पैसे पाठवले गेले असतील तर त्याच घटकेला १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी कळले तरच ती गोठवता येते. पैसे गेले नसतील तरी फलटणच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी, आणि ती द्यायला सासऱ्यांना एकटे पाठवू नये.